बिनपाटीचा लेथ आणि त्याचे कर्ते

(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



जुन्या कारखान्यांच्या आवारात हिंडणाऱ्यास एक दृश्य हमखास दिसते. शेडच्या कोपऱ्यात, नव्या यंत्रांना जागा देण्यासाठी भिंतीकडे सरकवलेला, तेलाच्या काळ्या थरांनी माखलेला एक लेथ उभा असतो. त्याच्या हेडस्टॉकच्या दर्शनी बाजूस दोन लहान भोके असतात. एकेकाळी तेथे पितळी पाटी ठोकलेली होती. पाटी गेली, भोके राहिली. हा लेथ कोणाचा, असे विचारले तर मालक म्हणतो, 'विलायती आहे'. दलाल म्हणतो, 'जर्मन आहे', कारण त्याला तो विकायचा असतो. ज्याने त्यावर चाळीस वर्षे काम केले तो टर्नर मात्र लगेच उत्तर देत नाही. तो बेडच्या टोकाशी जातो, चिंधीने एक जागा पुसतो आणि बोटाने चाचपू लागतो. त्या बोटाला काय सापडते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

कामगारांपुढे पोटापाण्याचे इतके प्रश्न उभे असताना एका भंगारात निघालेल्या यंत्राची कुळकथा काढत बसण्याचे प्रयोजन काय, अशी शंका काहींच्या मनात येईल. शंका रास्त आहे. तिचे पहिले उत्तर अगदी व्यवहाराचे आहे. लहान वर्कशॉप चालवणाऱ्या माणसाच्या लेथचे एक दातेरी चाक तुटले, तर ते दाते इंचाच्या मापाने कापले आहेत की मिलिमीटरच्या, हे कळल्याशिवाय नवे चाक मिळत नाही. आणि यंत्र कोठले हे कळले की ते बरेचसे कळते. यंत्राची किंमतही नावावर ठरते. बिनपाटीचा लेथ एक वेळ परवडतो. खोटी पाटी ठोकलेला लेथ गरिबाला बुडवतो. दुसरे उत्तर याहून लांबचे आहे. यंत्र 'कोणी' केले या प्रश्नाला जगाने आजवर ज्या प्रकारची उत्तरे दिली आहेत, ती नीट तपासली तर श्रमाची नोंद कशी ठेवली जाते आणि कशी पुसली जाते हे दिसू लागते.

यंत्रावर नाव नसण्याची कारणे अनेक आहेत. सर्वांत साधे कारण म्हणजे पितळेला भाव असतो. बीडाचे धूड उचलून नेणे अवघड, पण पाटी खिशात मावते. दुसरे कारण असे की, कित्येक यंत्रे विकण्यासाठी केलेलीच नव्हती. मोठ्या कारखान्यांच्या टूलरूममध्ये स्वतःच्या वापरासाठी लेथ, ड्रिल, शेपर बनवले जात. घरच्या भांड्यावर नाव घालावे असे तेथे कोणाला वाटले नाही. तिसरे कारण व्यापारी आहे, आणि ते सर्वांत बोलके आहे. यंत्र करणारा एक आणि विकणारा दुसरा असला की विकणारा करणाऱ्याचे नाव येऊ देत नाही. शेफील्डच्या पोर्टास कारखान्याने लहान लेथ केले, आणि ते निरनिराळ्या व्यापाऱ्यांच्या नावांनी विकले गेले. लंडनच्या टायझॅक या हत्यारांच्या दुकानातून 'झायटो' नावाचे लेथ विकले जात. 'झायटो' हे नाव दुकानाचे होते, ओतशाळेचे नव्हे. अमेरिकेत शिकागोच्या लोगन कारखान्याचे लेथ मॉन्टगोमेरी वॉर्ड या टपालाने माल विकणाऱ्या पेढीने स्वतःच्या 'पॉवर क्राफ्ट' या नावाने विकले.

या बाबतीत सीअर्स रोबक या पेढीचे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. 'क्राफ्ट्समन' म्हणजे कारागीर, आणि हे नाव १९२७ साली विकत घेऊन या पेढीने आपल्या हत्यारांना दिले. ज्या पेढीने स्वतः लेथ कधी बनवला नाही, तिने आपल्या मालाचे नाव कारागीर असे ठेवावे, हा व्यापाराचा विनोद म्हणावा लागेल. तथापि पेढीला आपला हिशेब ठेवणे भागच होते. कोणता माल कोणाकडून आला हे तिला कळायला हवे, ग्राहकाला नव्हे. म्हणून तिच्या यंत्रांच्या क्रमांकात टिंबाच्या आधी तीन अंकी खूण असे. १०१ असेल तर तो लेथ मिशिगन राज्यातील कॅलामाझू गावच्या ॲटलास कारखान्याचा. १०९ असेल तर त्याच राज्यातील डबल ए या कारखान्याचा. करणाऱ्याचे नाव पुसून टाकले गेले, परंतु त्याचे बिल चुकते करण्यासाठी त्याचा आकडा ठेवावा लागला. ज्यांना हा आकडा वाचता येतो त्यांना आज त्या यंत्राचा पत्ता लागतो.

आकडाही नसेल तर काय करावे? मग यंत्राचीच साक्ष काढावी लागते. येथे एक पथ्य पाळणे अगत्याचे आहे. रंगावर भरवसा ठेवू नये, कारण तो कोणीही देतो. सुट्या भागांवरही फारसा ठेवू नये. चक, टूलपोस्ट, हँडल या वस्तू एका लेथवरून दुसऱ्यावर जातच असतात. बीडाच्या मुख्य ओतकामाला, म्हणजे बेड, हेडस्टॉक, कॅरेज यांना विचारावे. त्यांतही मूळ ओतकामात पाडलेल्या आट्यांना विचारावे, कारण बोल्ट बदलता येतो, पण भोकातले आटे सहसा कोणी बदलत नाही.

आट्यांचा इतिहास हा एक स्वतंत्र अध्याय आहे. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली लंडनच्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे निबंध वाचून आट्यांसाठी एक सर्वमान्य पद्धत सुचवली. तोवर प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला लागत नसे. व्हिटवर्थच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ साली ६० अंशांचा आटा सुचवला. पुढे १८९८ साली झुरिक येथे मिलिमीटरच्या आट्यांची पद्धत ठरली, तिचाही कोन ६० अंशांचाच. घड्याळे आणि विद्युत उपकरणे यांच्या बारीक स्क्रूंसाठी ब्रिटिश असोसिएशनने साडेसत्तेचाळीस अंशांचा आटा स्वीकारला तो याच सुमारास, १८८० नंतरच्या दशकात. सबब आट्याचे गेज लावले की यंत्र कोणत्या देशात जन्मले याचा अदमास येतो. पण खेड्यातल्या फिटरकडे गेज नसले तरी अडत नाही. पाव इंचापासून एक इंचापर्यंतच्या नेहमीच्या बोल्टांत ब्रिटिश आणि अमेरिकन आटे इंचागणिक सारखेच येतात. फरक पडतो तो अर्ध्या इंचाच्या बोल्टात. ब्रिटिश अर्ध्या इंचाला इंचात बारा आटे, अमेरिकनला तेरा. पट्टी लावून आटे मोजता येतात, तेवढे ज्ञान पुरते. १९४८ साली ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी एकच आटा मान्य केल्यानंतरच्या यंत्रांना मात्र ही कसोटी बेताने लावावी.

अशा खुणा पुष्कळ आहेत. चाकांच्या पेटीत १२७ दात्यांचे चाक सापडले, तर लीड स्क्रू इंचाचा असो वा मिलिमीटरचा, त्यावर दुसऱ्या मापाचे आटे पाडण्याची सोय केलेली होती, एवढे समजावे. एका इंचात २५.४ मिलिमीटर, त्याची पाचपट १२७. इंग्रज कारागीर लेथचे माप बेडपासून सेंटरच्या उंचीने सांगतो, अमेरिकन माणूस त्यावर फिरू शकणाऱ्या कामाच्या व्यासाने. म्हणून एकाचा साडेतीन इंची लेथ दुसऱ्याच्या बोलीत सात इंची होतो. बेडचा माथा सपाट की उलट्या व्हीसारखा, हेही पाहतात. सपाट बेडकडे इंग्रजांचा कल, व्हीकडे अमेरिकनांचा. एकाच पुराव्यावर निकाल देण्याची घाई मात्र कोणी करू नये.

अंकांच्या बाबतीत नवख्या माणसाची एक चूक नेहमी होते. बीडावर दोन प्रकारचे अंक असतात. उठावाचे अंक हे लाकडी पॅटर्नवर बसवलेले असतात आणि साच्यातून ओतकामावर येतात. तो पॅटर्नचा क्रमांक होय. त्या पॅटर्नवरून ओतलेल्या साऱ्या नगांवर तोच येतो. पंचाने ठोकलेले अंक वेगळे. बेडच्या टेलस्टॉककडील टोकाला ठोकलेला अंक बहुधा त्या एका यंत्राचा अनुक्रमांक असतो. अमेरिकेतील साउथ बेंड कारखान्याच्या यंत्रांवर तो तेथेच आढळतो, आणि त्या कारखान्याने प्रत्येक यंत्राची नोंदपत्रिका ठेवल्यामुळे, यंत्र कोणत्या दिवशी कोणाकडे रवाना झाले हेसुद्धा कळू शकते. परंतु ठोकलेल्या अंकांचा आणखी एक प्रकार आहे. हेडस्टॉकच्या बुडाशी, टेलस्टॉकच्या बैठकीत, कॅरेजच्या आतल्या बाजूस एकच लहान अंक पुन्हा पुन्हा ठोकलेला दिसतो. तो गिऱ्हाइकासाठी नाही, दप्तरासाठीही नाही. फिटरने तो स्वतःसाठी ठोकलेला आहे.

असे का, ते समजून घेतले पाहिजे. जुन्या पद्धतीत बेडचे पृष्ठभाग यंत्रावर रंधून काढल्यानंतर हाताने खरवडून जुळवले जात. सपाट तक्त्याला निळा रंग लावायचा, त्यावर भाग घासायचा, जेथे रंग लागेल ते उंचवटे स्क्रेपरने अलगद काढायचे, पुन्हा रंग, पुन्हा घासणे. हे काम दिवसचे दिवस चाले. एका बेडसाठी खरवडलेला हेडस्टॉक दुसऱ्या बेडवर तंतोतंत बसत नसे. म्हणून जोडीचे भाग चुकू नयेत यासाठी फिटर त्यांवर एकच अंक ठोकी. ज्या यंत्राच्या तीन भागांवर तीन निराळे अंक आढळतील, ते तीन यंत्रांचे अवशेष जुळवून केलेले आहे असे खुशाल समजावे. खरवडण्याची नक्षीसुद्धा हातागणिक निराळी असते. कोणाचे घाव चौकोनी, कोणाचे चंद्रकोरीसारखे. जेथे घर्षण कमी झाले त्या जागी, टेलस्टॉकच्या पोटाखाली किंवा बेडच्या अगदी टोकाला, ती नक्षी शंभर वर्षांनीही शाबूत दिसते. पाटीवर कंपनीचे नाव होते, पण अंगावर ही सही आहे.

नक्कल ओळखण्याची रीत याहून गमतीची आहे. बीड थंड होताना आक्रसते. प्रमाण फुटामागे सुमारे एक सूत, म्हणजे शेकडा एक. पॅटर्न करणारा सुतार म्हणूनच साध्या पट्टीने मापत नाही, वाढीव पट्टी वापरतो. आता एखाद्याने दुसऱ्याच्या लेथचा बेड हाच पॅटर्न म्हणून वाळूत दाबला आणि त्यावरून ओतकाम केले, तर नवा बेड फुटामागे एका सुताने लहान भरतो. मूळ बेडवर चार फुटांवर असलेल्या दोन खुणा नकलेत चार सुतांनी, म्हणजे अर्ध्या इंचाने जवळ येतात. मूळच्या उठावाच्या अक्षरांची कानशीने घासलेली अस्पष्ट छायाही कधी कधी नकलेवर उतरते. ज्याने नाव लपवले त्याच्या वाळूने ते सांगून टाकले.

नक्कल करणाऱ्याला चोर म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण आज प्रतिष्ठित असलेल्या देशांनी काय केले तेही पाहावे. कुशल कारागिरांनी परदेशी जाऊ नये असा ब्रिटनचा कायदा १८२४ पर्यंत होता, आणि यंत्रांच्या निर्यातीवरील बंदी १८४३ साली उठली. सॅम्युएल स्लेटर नावाचा तरुण १७८९ साली आर्कराइटच्या सूतकताई यंत्रांची रचना डोक्यात साठवून अमेरिकेला गेला आणि तेथे त्याने त्यांवरून गिरणी उभी केली. त्याला अमेरिकेत उद्योगाचा जनक म्हणतात. ज्या गोष्टीसाठी अमेरिकेत स्लेटरचा गौरव झाला, तीच बटाला आणि राजकोट येथील ओतशाळांनी केली की तिला हलक्या दर्जाची नक्कल म्हणायचे, हा न्याय कोणता?

आता ज्या यंत्रावर नाव नाही त्याला इतिहासकार नाव कसे देतात, याचे एक थोर उदाहरण पाहू. लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये ब्रामाच्या कुलुपांचे भाग बनवणारी काही यंत्रे ठेवलेली आहेत. जोसेफ ब्रामा हे नामांकित कारखानदार. त्यांनी १७८४ साली आपल्या कुलपाचे पेटंट घेतले. हे कुलूप उघडून दाखवणाऱ्यास २०० गिनी देऊ, असे आव्हान त्यांच्या दुकानाच्या खिडकीत वर्षानुवर्षे झळकत होते. ते जिंकले १८५१ साली हॉब्ज या अमेरिकन कारागिराने, आणि त्यालाही सोळा दिवसांत मिळून पन्नासहून अधिक तास लागले. कुलपाची कल्पना उत्तम होती, पण त्यातल्या बारीक खाचा हाताने कानसून काढायच्या तर कुलूप कोणाला परवडले नसते. तेव्हा खरा शोध लागायला हवा होता तो कुलूप बनवणाऱ्या यंत्रांचा. त्या कामी ब्रामांनी १७८९ मध्ये एक अठरा वर्षांचा पोरगा ठेवला. त्याचे नाव हेन्री मॉडस्ले. वुलिचच्या शस्त्रागारात वयाच्या बाराव्या वर्षी काडतुसे भरण्यापासून त्याने सुरुवात केली होती. ब्रामांच्या कारखान्यात तो मुख्य कारागीर झाला, आणि ही यंत्रे त्याच्या हातची, असे आज तंत्रज्ञानाचे इतिहासकार बहुतांशी मानतात. यंत्रे मात्र ब्रामांची म्हणून ओळखली जातात.

१७९७ साली मॉडस्लेने पगारवाढ मागितली. त्याला आठवड्याला तीस शिलिंग मिळत होते. संसार वाढला होता. ब्रामांनी तुटकपणे नकार दिला. ही हकीकत सॅम्युएल स्माइल्स यांनी १८६३ साली लिहून ठेवली आहे, आणि स्माइल्स हे काही मालकांचे वैरी नव्हेत. मॉडस्ले बाहेर पडला, ऑक्सफर्ड स्ट्रीटजवळ त्याने स्वतःचे लहानसे दुकान थाटले. सुमारे १८०० मधला त्याचा आटे पाडण्याचा लेथ त्याच संग्रहालयात आहे. त्यात धातूचा बेड, टूल धरून सरकणारा स्लाइड रेस्ट, लीड स्क्रू आणि बदलती चाके एकत्र आलेली आहेत. आजच्या कोणत्याही लेथचा हाच सांगाडा असतो. जगाने स्लाइड रेस्टचा जनक म्हणून मॉडस्लेचे नाव घेतले. म्हणजे ब्रामांच्या पाटीखाली झाकला गेलेला कारागीर अखेर उजेडात आला.

पण गोष्ट येथे थांबत नाही. मॉडस्लेच्या जन्माआधी जवळजवळ पन्नास वर्षे रशियात आंद्रेई नार्तोव्ह यांनी टूल यंत्राने धरणारे लेथ केले होते. त्यांतले काही सेंट पीटर्सबर्गला आणि एक पॅरिसला आजही आहे. फ्रान्समध्ये व्होकान्सों यांचा धातूचा लेथ अठराव्या शतकाच्या मध्यावरचा. लंडनमध्येच जेसी रॅम्सडेन यांनी १७७० नंतरच्या दशकात शास्त्रीय उपकरणांसाठी अचूक आटे पाडणारी यंत्रे केली. अमेरिकेत स्लेटरचाच मेहुणा डेव्हिड विल्किन्सन याने १७९८ साली आटे पाडण्याच्या लेथचे पेटंट घेतले. त्याला त्यातून फारसे मिळाले नाही, आणि पन्नास वर्षांनी, १८४८ साली, अमेरिकन काँग्रेसने त्याला दहा हजार डॉलर देऊ केले. मॉडस्लेचे मोठेपण यामुळे उणे होत नाही. विखुरलेल्या युक्त्या त्याने एका अचूक आणि दणकट यंत्रात आणल्या, आणि अचूकपणाला कारखान्याची रोजची शिस्त बनवले. त्याच्या बाकावर एक मायक्रोमीटर असे. कारागिरांच्या वादात त्याचा निकाल अखेरचा म्हणून त्याला 'लॉर्ड चॅन्सेलर' म्हणत. परंतु 'पहिला लेथ कोणाचा' हा प्रश्न मात्र निरर्थक ठरतो. मार्क्सने १८६७ च्या 'भांडवल' ग्रंथात मॉडस्लेच्या स्लाइड रेस्टचा मुद्दाम उल्लेख केला आहे, कारण या रचनेने एखाद्या हत्याराची जागा घेतली नाही, तर ते धरणाऱ्या हाताची घेतली, असे त्याचे म्हणणे. आणि त्याच प्रकरणाच्या एका तळटीपेत त्याने म्हटले आहे की, तंत्रविद्येचा चिकित्सक इतिहास लिहिला गेला तर अठराव्या शतकातले शोध एकेकट्या व्यक्तीचे किती थोडे होते ते दिसेल. तळटीप लहान आहे, पण संग्रहालयांतल्या कित्येक पाट्या तिच्यापुढे टिकणार नाहीत.

मॉडस्लेच्या कारखान्यातून रिचर्ड रॉबर्ट्स, जोसेफ क्लेमेंट, व्हिटवर्थ, नॅस्मिथ अशी मंडळी निघाली. इतिहासात ज्यांची नावे राहिली ते मॉडस्लेचे कारागीर बहुतेक सारे पुढे स्वतः कारखानदार झालेले आहेत. जे कामगारच राहिले त्यांची नावे हजेरीच्या वहीपलीकडे गेली नाहीत. यातला क्लेमेंट हा विणकराचा मुलगा. चार्ल्स बॅबेज यांचे गणनयंत्र त्याच्या कारखान्यात घडत होते, पैसा सरकारचा. १८३३ साली पैशांवरून तंटा झाला आणि क्लेमेंटने काम थांबवले. त्या यंत्रासाठी म्हणून खास तयार केलेली हत्यारे व लेथ त्याने आपल्याकडेच ठेवले, कारण हत्यारे कारागिराची, ही धंद्यातली जुनी रीत होती आणि ती मान्य करावी लागली. बॅबेजच्या चरित्रांत क्लेमेंट हा अडेलतट्टू माणूस म्हणून येतो. दुसऱ्या बाजूने पाहिले तर, ज्याने हत्यार घडवले त्याच्याकडे ते राहावे हा हक्क एका कारागिराने सरकारसमोर बजावलेला आहे.

वीस वर्षांत काळ पालटला. १८५१ साली इंजिनिअरिंग कामगारांची एकत्रित संघटना स्थापन झाली. तिने सक्तीचा ओव्हरटाइम आणि उक्ते काम यांना विरोध केला. १८५२ च्या जानेवारीत मालकांनी लँकेशायर व लंडनमध्ये टाळेबंदी पुकारली आणि संघटना सोडल्याचे लिहून दिल्याशिवाय कामावर घेणार नाही, असा हेका धरला. कामगारांना काही महिन्यांत माघार घ्यावी लागली. मालकांना हा हेका धरता आला याला एक कारण मॉडस्लेच्या लेथचे वंशज होते. स्वतःच चालणाऱ्या यंत्रांवर शिकाऊ पोर उभा करता येतो हे नॅस्मिथसारख्या कारखानदाराला पुरते ठाऊक होते, आणि त्याने ते लपवलेही नाही. पोर्ट्समथच्या गोदीत याची चुणूक आधीच दिसली होती. तेथे जहाजांच्या कप्प्या बनवण्यासाठी ब्रुनेल यांच्या योजनेनुसार मॉडस्लेने पंचेचाळीस यंत्रे घडवली. १८०८ पर्यंत वर्षाला एक लाख तीस हजार कप्प्या तयार होऊ लागल्या, आणि एकशे दहा कुशल माणसांचे काम दहा अकुशल माणसे करू लागली. उरलेल्या शंभरांचे काय झाले, हे त्या यंत्रांच्या कोणत्याही वर्णनात फारसे वाचायला मिळत नाही.

या साऱ्याचा आपल्याकडील शेडमध्ये उभ्या असलेल्या लेथशी संबंध आहे. मुंबई इलाख्यातील रेल्वेची वर्कशॉपे आणि गिरण्यांचे दुरुस्तीविभाग विलायती लेथांवर उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धात विलायती माल येईनासा झाला तेव्हा देशी यंत्रांची गरज सरकारला कळली. हरिहरचा म्हैसूर किर्लोस्कर कारखाना १९४१ चा. युद्धानंतर लष्कराच्या सामानाचे लिलाव झाले आणि त्यांतून ब्रिटिश आणि अमेरिकन यंत्रे बाजारात आली. बीडावर बाणाची खूण दिसली तर ती ब्रिटिश सरकारच्या मालमत्तेची समजावी. १९५३ साली बंगळूरला एचएमटी सुरू झाली. याच काळात बटाला, लुधियाना, राजकोट येथील लहान कारखान्यांनी विलायती नमुन्यांवरून स्वस्त लेथ केले, आणि मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटसारख्या बाजारांतून ते गावोगाव गेले. त्यांतल्या कित्येकांवर करणाऱ्याचे नाव नाही. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे ज्या वर्कशॉपांत उसाच्या चरकाचे आणि पंपाचे भाग कातले गेले, त्यांतली अनेक याच निनावी यंत्रांवर पोसली गेली. मोठ्या कारखान्यांचे गौरवग्रंथ निघाले. या ओतशाळांचे कोणी काढले नाहीत.

अशा लेथची ओळख जाणणारा माणूस पुस्तकातून शिकलेला नसतो. बीड टणक की भुसभुशीत हे त्याला टूल लागताच कळते, बेडची झीज पाहून पूर्वी त्यावर लांब काम होत होते की आखूड हे तो सांगतो. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार होते. त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि त्यांची यंत्रे वजनावर विकली गेली. गिरणीची जमीन किती चौरस फूट होती याची नोंद प्रत्येक दप्तरात सापडते. दुरुस्ती विभागातला लेथ कोणता होता, त्यावर कोणाचा हात बसलेला होता, हे विचारायचे असेल तर आता चाळीत नाहीतर गावाकडे जाऊन थकलेल्या माणसाला गाठावे लागते.

तेव्हा ज्या कार्यकर्त्यांच्या भागात कारखाना बंद पडत असेल त्यांनी देणी, ग्रॅच्युइटी आणि भविष्यनिर्वाह निधी यांच्या यादीबरोबर आणखी एक यादी करावी. लिलावाच्या आधी रॉकेलची चिंधी घेऊन बेडचे टोक पुसावे. ठोकलेले अंक जसेच्या तसे उतरवून घ्यावेत, उठावाचे वेगळे लिहावेत. अर्ध्या इंचाच्या भोकातले आटे मोजावेत. पाटीची भोके किती अंतरावर आहेत तेही लिहावे. एखाद्या जुन्या कॅटलॉगातील चित्राशी ते कधीतरी जुळेल. टेलस्टॉक सरकवून त्याखालची खरवडलेली नक्षी पाहावी, आणि जमल्यास कागद ठेवून पेन्सिलीने घासून तिचा ठसा घ्यावा. शेजारी त्या लेथवर तिन्ही पाळ्यांत काम करणाऱ्यांची नावे लिहावीत. नावे सांगणारा टर्नर बहुधा आधी आपल्या उस्तादाचे नाव सांगेल. तेही लिहून घ्यावे.